चाफ्याखालचे दोन दगड

औरंगाबाद
९ मार्च २००३

रत्ने,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच. दिवाळीनंतर चार महिने पत्र नाही म्हणजे तनुजा शहरात जाऊन मातली, असं तू वस्तीभर सांगून झालं असेल. मातले नाही गं, कामात बुडाले आहे. या वर्षी इथं बुडायला दुसरं काही उरलेलंही नाही.

बाग लावायच्या आधी तिचं चित्र कशाला लागतं, असं तू विचारलं होतंस. ऐक. बीड बायपासच्या माळावर नुसते बंगले उठताहेत. बांधणाऱ्याला बंगला दिसतो, पुढची मुरमाड जागा दिसते, पण बाग काही केल्या डोळ्यांपुढं येत नाही. मग मी त्या उघड्याबोडक्या जागेचा फोटो काढते, रोल धुऊन आणते, फोटो संगणकात घालते आणि त्यावर झाडं लावते. हिरवळ पसरायला दोन मिनिटं. कुंपणाला मेंदी, एक मिनिट. पाणी थेंबभर लागत नाही. गिऱ्हाईक माझ्यामागं खुर्ची ओढून बसतं आणि म्हणतं, तो नारळ जरा डावीकडं घ्या. मी घेते. इतक्या मुकाट्यानं त्याचं घरात कुणी ऐकत नसावं, कारण मग तो नारळ पाच वेळा इकडून तिकडं होतो.

एकच अडचण आहे. सॉफ्टवेअरबरोबर जी सीडी मिळाली तिच्यातली झाडं सगळी परदेशातली. म्हणून मी जाईन तिथं आपल्या झाडांचे फोटो घेत सुटते. दिवाळीत तुझे आबा मेंढरं घेऊन निघाले त्या दिवशी तुमच्या अंगणातल्या चाफ्याचा घेतला होता. आबा म्हणाले होते, पोरी, माणसांचा काढ, झाड कुठं पळून चाललंय.

तर तुझा चाफा सध्या बन्सीभाऊ नावाच्या माणसाच्या फाटकाशी उभा आहे. चित्रात. बन्सीभाऊंच्या बोअरच्या चार गाड्या आहेत आणि या दुष्काळात त्यांना उसंत नाही. माझं हे पहिलं मोठं काम. चाफ्याला फुलं नव्हती, ती मी दुसऱ्या झाडाची आणून चिकटवली. बुडाशी दोन दगड पडले होते, ते पुसले. पुसायचं एक हत्यार असतं, शेजारची माती उचलून वरून फिरवली की खालचं नाहीसं होतं. वाटेच्या दोन्ही कडांना मात्र नदीचे गोल गोटे दाखवलेत, हल्ली सगळ्यांना ते हवे असतात. चित्राची एक प्रत सोबत पाठवते. बघ आणि कशी आहे ते खरं सांग.

तुझी तनू


वस्ती, कन्नड
१७ मार्च २००३

तनू,

शिव्या दिल्या. आता चित्राचं सांगते. लई झ्याक हाय. माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांनी हातोहात फिरवून त्याला तेलाचे डाग पाडले. शेजारच्या वच्छलाकाकूला तर ते कुठलं देवस्थान वाटलं, तिनं हात जोडले.

पण दगड पुसलेस ते मला बरं वाटलं नाय. तुझा दोष नाय, तू कधी विचारलं नाहीस आन् मी कधी बोलले नाय. आमच्यात मेंढरं घिऊन लांब जाणाऱ्यानं निघताना आपला दगड चाफ्याखाली ठेवायचा असतो. पहिल्यांदा जाताना नदीतून निवडून आणायचा, मग जन्मभर तोच. माघारी आलं की आधी आपला दगड उचलायचा, मगच उंबरा ओलांडायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाय. दगड उचलला नाय म्हणजे तो माणूस अजून आलाच नाय, मग तो समोर उभा का असंना.

त्यातला एक बाचा. दुसरा माझ्या आईचा. आठ वर्षांमागं ती बाच्या संगं गेली आन् चितेगावच्या पुढं तापानं वाटंतच सरली. तिथंच जाळलं. बा दरसाल जाता येता त्या जागी थांबायचा, आता तिथं कंपनीची भिंत हाय म्हणे, आत सोडत नायत. म्हणून आईचं म्हणून जे काय हाय ते तेवढा दगड. आमची भागूबाई अजून यायची हाय, असंच बा बोलतो.

बा आता खाली गोदाकाठी, गंगथडीला हाय. मृगाला येईल. हिकडं चार दिसाआड टँकर येतो. आल्यावर बायांची जी झोंबाझोंबी होती ती तुझ्या यंत्रात घालून बघ, पुसता येती का.

रत्नी


औरंगाबाद
२ एप्रिल २००३

रत्ने,

तुझं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तुझ्या घरी येते, त्या दगडांवर एकदा चपला काढून ठेवल्याचंही मला आठवतं. तेव्हा भागूमावशीच्या दगडाला मी काय केलं असेन, देव जाणे. मूळ फोटोत दोन्ही दगड आहेत, तो मी जपून ठेवला आहे.

आता एक घोळ झालाय तो सांगते. बन्सीभाऊंना चित्र फार आवडलं. इतकं की त्यांना तसलं झाड नको, तेच झाड हवं. मी म्हटलं, अहो, ते चित्र आहे, आपण रोपवाटिकेतून चांगला चाफा आणू, पाच-सहा वर्षांत असा होईल. ते म्हणाले, मॅडम, सहा वर्षं थांबायचं असतं तर चित्र कशाला काढून घेतलं असतं? श्रावणात वास्तुशांत आहे आणि त्यांच्या आईला दारात चाफा हवा आहे.

त्यांचा मुकादम फार चौकस माणूस आहे, त्यानं कुठून तरी गावाचं नाव काढलं. तिकडं कुणी आलं तर सरळ नाही म्हणून सांग. माझी भीड ठेवू नकोस.

तनू


वस्ती, कन्नड
१४ एप्रिल २००३

तनू,

जीप येऊन गेली. मुकादम आन् खुद्द बन्सीभाऊ. त्यांच्या हातात तुझं चित्र होतं आन् दुसऱ्या कागदावर आमच्या वस्तीचा रस्ता काढलेला होता, ओढ्यापाशी वळायचं ते बी. मुकादम लई चौकस दिसतो.

माणूस वाईट नाय. अंगणात खाली बसला, पाणी मागितलं नाय, म्हणला हितलं पाणी मी कसं पिऊ. मग म्हणला, झाड द्या, मी वस्तीला बोअर मारून देतो. मी म्हणलं बा नाय घरी, बाला इचारल्याबिगर नाय. तो म्हणला, इचारा, पण माझी गाडी पंधरवडाभर कन्नडच्या बाजूला हाय, मग ती जालन्याकडं जाणार.

बाला कुठं इचारू? गंगथडीला तो आज ह्या रानात तर उद्या त्या रानात. आन् हिकडं ते गेल्यापासनं वस्तीवरच्या बाया माझ्या दारातून हालत नायत. कुणी भांडत नाय, तेच वाईट. नुसत्या बसतात, घागरी शेजारी ठिवून. वच्छलाकाकू म्हणली, रत्ने, झाडच हाय ना गं ते? परवा टँकरमागं पळताना तिचं मनगट मोडलं, तरी दुसऱ्या हातानं घागर धरून होती.

मला एकाच गोष्टीचं उत्तर दे, तुझा तो धंदा हाय. झाड उपटून नेलं तर जगंल का? व्हय का नाय, तेवढंच लिही. उलट टपाली.

रत्नी


औरंगाबाद
१९ एप्रिल २००३

रत्ने,

व्हय.

चाफा जगतो. आंबा, लिंब इतक्या वयाचे उपटले तर मरतात, चाफा मरत नाही. उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात, तेव्हा तर हलवायला सगळ्यात चांगलं. फांद्या छाटायच्या, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधायचा, नव्या जागी दोरांनी ताणून उभा करायचा. महिन्या-दीड महिन्यात पालवी येते.

तू धंद्यातलं विचारलंस, मी धंद्यातलं सांगितलं. यावर काय करायचं ते मी सांगू शकत नाही. आबा येईपर्यंत थांबता आलं तर थांब. पण मी इथं नळाखाली हात धुऊन तुला थांब म्हणते आहे, हेही मला कळतं. दगडांचं मात्र सांभाळ. खणायच्या आधी तू स्वतः उचलून घरात नेऊन ठेव.

तनू


वस्ती, कन्नड
१९ मे २००३

तनू,

महिनाभर लिहिलं नाय कारण लिहिण्याजोगं काय नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बन्सीभाऊला व्हय म्हणून कळवलं. तुझ्यावर ढकलत नाय. माझ्या मनात आधीच व्हय होतं, मला फक्त कुणाच्या तरी हातचं लिहिलेलं पायजे होतं.

बोअर मारली. साडेतीनशे फुटापर्यंत नुसता फुफाटा. सगळी वस्ती कडंला उभी होती, लेकरं मोकळी भांडी घिऊन. बायांच्या केसांत, पापण्यांत पांढरी धूळ बसली तरी कुणी मागं सरंना. बन्सीभाऊनं आपणहून दुसऱ्या जागी बी मारून बघितली. ती बी कोरडी. त्याला बोल लावता येत नाय, त्यानं बोअर कबूल केली होती, पाणी नाय.

झाड त्यानं नेलं. दगड उचल म्हणून तू लिहिलंस, पण दुसऱ्याचा दगड उचलायचा नसतो, हे मी तुला आधीच लिहिलं होतं. मी मुकादमाला बजावलं होतं की खणताना मी हजर राहीन, दगड हायत तिथंच राहतील आन् तुम्ही भवतीनं खणा. त्यो म्हणला, बेस्तरवारी येतो. आला बुधवारी. मी कन्नडला अंगणवाडीच्या बैठकीला गेलेली. माघारी आले तर अंगणात नुसता खड्डा. वच्छलाकाकूनं त्यांना अडवलं, हे दगड राहू द्या म्हणली. मुकादमानं तुझं चित्र काढलं, बोट ठिवून दाखवलं की वाटेच्या कडेला गोल गोटे हायत, हेबी त्यातच चालतील, आन् ट्रकात टाकले.

तनू, मला ते दोन दगड पायजेत. बाकी तुझ्याकडं मी काय मागत नाय. बा यायला महिना हाय.

रत्नी


औरंगाबाद
२८ मे २००३

रत्ने,

मी चार वेळा जाऊन आले.

वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड ट्रक गोटे पसरलेत. पहिल्या दिवशी वाटलं, मूळ फोटो बरोबर आहे, सहज ओळखता येतील. फोटो संगणकात मोठा मोठा करत गेले. एका हद्दीनंतर दगड दिसत नाही, नुसते राखाडी चौकोन दिसतात. मोठे प्रिंट काढून, हातात धरून गोट्यांमधून गुडघ्यांवर फिरले. माळ्यानं सगळे गोटे ब्रशनं घासून धुतलेत, ओळखायची काही खूणच ठेवलेली नाही. पन्नास-साठ वेगळे काढले. प्रत्येक तोच वाटतो.

आणि आता जे लिहायला हवं ते लिहिते. रस्त्याचा तो कागद मुकादमानं काढला नव्हता, मी काढून दिला होता. बन्सीभाऊंनी गाव विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यांनी तेव्हाच आणखी दोन बंगल्यांची कामं देतो म्हटलं होतं. ओढ्यापाशी वळायचं हे मीच लिहिलं. मग घाबरून तुला लिहिलं की नाही म्हण, म्हणजे वाईटपणा तुझ्याकडं आणि काम माझ्याकडं. मला स्वतःची शिसारी येते.

चाफ्याला पालवी फुटली आहे. आबांना घेऊन ये. त्यांच्या हातांना कळेल.

तनू


वस्ती, कन्नड
१ जुलै २००३

तनू,

कागद तुझाच हे मला जीप आली त्याच दिवशी कळलं होतं. ओढ्याला आम्ही नाला म्हणतो, ओढा तू एकटी म्हणतीस. तुझी तू सांगशील म्हणून गप बसले. सांगितलंस, बरं झालं. राग गेला नाय, पण बोलणं तोडणार नाय.

बा आला. शुक्रवारी दुपारी. पाऊस नाय, खाली बी चारा सरला, चाळीसातली एकोणतीस मेंढरं घिऊन आला. खड्ड्यापाशी आला आन् थांबला. मी दारातून सगळं एका दमात सांगितलं, बोअर, झाड, दगड, बुधवार. वाटलं होतं काठी घालील. काठी बरी होती. त्यो म्हणला, पाणी लागलं का? मी म्हणलं, नाय. त्यो म्हणला, बरं, आन् मेंढरं बसवायला लागला.

तवापासनं बाहेरच हाय. खड्ड्याच्या कडंला घोंगडी टाकली हाय. रुसलाय म्हणावं तर तसंबी नाय. दारातून माझ्याशी बोलतो, हसतो, अंगणवाडीतली लेकरं त्याच्या पाठीवर चढतात. फक्त उंबरा ओलांडत नाय. मी म्हणलं, नदीतून नवा दगड आण, त्यो ठेव आन् उचल. त्यो म्हणला, असं फसवून घरात यायला मी काय चोर हाय का? अंग तापलंय त्याचं, रात्री खोकतो. त्यो बाहेर आन् मी पत्र्याखाली, मला झोप येत नाय. माझ्या एका व्हयपायी माझा बाप घराबाहेर पडला, ह्या एका गोष्टीपुढं मला दुसरं काय सुचत नाय.

बेस्तरवारी सकाळच्या एसटीनं त्याला एकट्यालाच पाठवते, मेंढरांजवळ कुणीतरी पायजे. स्टँडवर उभी राहा. तनू, त्याचा दगड सापडू दे.

रत्नी


औरंगाबाद
४ जुलै २००३

रत्ने,

आबांनी काल घरी येऊन तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे, मीही तेच सांगावं असं त्यांनी एसटीत बसताना माझ्याकडून कबूल करून घेतलं. पण एकदा लपवून मी काय करून ठेवलं ते आपण दोघींनी बघितलं. म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहिते.

बन्सीभाऊ स्वतः फाटकात आले, खुर्ची मागवली, चहा मागवला. आबांनी हिरवळीच्या कडेला वहाणा काढल्या आणि आधी झाडापाशी गेले. खोडावर पंजा ठेवून उभे राहिले. झाडाला हातभर पानं आलीत. मग खाली बसले आणि एकेक गोटा हातात घ्यायला लागले. बघत नव्हते, नुसतं अंगठ्यानं चाचपत होते. दोन तास गेले. बन्सीभाऊ म्हणाले, बाबा, पाहिजे तर सगळे गोटे न्या, मी गाडी देतो. आबा म्हणाले, सगळे नेऊन काय करू, मला काय घर बांधायचं नाय. बन्सीभाऊ आत निघून गेले, नंतर बाहेर आलेच नाहीत.

भागूमावशीचा दगड आधी सापडला. मला काही सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून कळलं. तो त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधला. अर्ध्या तासानं दुसरा सापडला. तो त्यांचा. खात्रीनं सांगते, कारण त्यावर जिथं त्यांचा अंगठा बसला तिथं तो बरोब्बर अंगठ्याएवढा झिजलेला होता. तो हातात घेऊन ते खूप वेळ बसले. मला इतका आनंद झाला रत्ने, मी रडायलाच लागले. म्हटलं, आबा, झालं, चला घरी.

ते उठले, झाडाच्या मागं भिंतीच्या बाजूला गेले आणि तो दगड बुडाशी ठेवून दिला. वरून माती सारखी केली. मी म्हटलं, आबा, अहो हा तुमचा. ते म्हणाले, व्हय, माझाच. मग म्हणाले, "झाड हितं एकलं हाय. आपलं कुणीतरी खाली पायजे. ती आठ वर्सं बसली, आता ती घरी जाऊ दे. मीच नेलती तिला, मीच पोचवतो." आणि स्टँडवर म्हणाले, "रत्नीला सांग, माझा सापडला नाय. खरं कळलं तर तिच्या जिवाला लागंल."

मी खूप विनवलं, ते नुसते हसले.

दगड गेल्यापासून मी बागांची चित्रं काढते तेव्हा पुसायच्या हत्याराला हात लावायचा झाला की हात थांबतो. पण तुला त्याचा काय उपयोग. मी काय करू ते सांग.

तनू


वस्ती, कन्नड
१२ जुलै २००३

तनू,

बा आला तवा उंबऱ्याशी उभा राहिला. दगड माझ्या हातात दिला नाय, खाली वाकून आतल्या बाजूला ठिवला आन् आत सरकवला. म्हणला, भागू आली, तिला पाणी दे. मी तांब्या भरून दगडावर ओतला. टँकरचं पाणी होतं, पण त्या दिवशी हात आखडला नाय. मी आत बसून रडले, त्यो बाहेर बसून.

मग त्यो म्हणला, माझा काय सापडला नाय. मी म्हणलं, आपण शोधत राहू, दर महिन्याला जाऊ, दीड ट्रक म्हणजे किती, कधी ना कधी हाताला लागंल. त्यो व्हय व्हय म्हणला. ते पाच दिवस बरे गेले बघ. मी वहीत एसटीच्या वेळा लिहून ठिवल्या. लेकरांनी विचारलं, आजोबा आत का येत नाय, तर मी म्हणायची, येणार हाय, जरा काम राहिलंय.

मंगळवारी तुझं पत्र आलं.

खरं लिहिलंस ते बरोबर केलंस, असं मी कुणालाबी सांगीन. पण मला ते सांगायला नको होतंस गं. हरवलेला दगड मी जन्मभर शोधला असता. त्यानं ठिवलेला हाय, त्यो मी कसा उचलू?

त्याला काय बोलले नाय. त्याला वाटतंय मला ठाऊक नाय. रोज सांजच्याला त्याची भाकर बाहेर नेऊन देते आन् त्यो जेवस्तवर जवळ बसते. आधी रोज म्हणायची, बा, आत ये. मंगळवारपासनं म्हणत नाय.

रत्नी